चुन्याखालचा दोरा

लिथारी बेटाच्या वरच्या गावात झांबेताच्या घराला माडीवर दोन खोल्या होत्या. एक समुद्राकडची, एक गल्लीकडची. समुद्राकडच्या खोलीसाठी उन्हाळ्यात पाहुणे आपापसांत भांडत आणि गल्लीकडच्या खोलीत झांबेता कांदे वाळत घाली. जूनच्या मध्याला बंदरावरच्या चित्रशाळेतली एक मुलगी आली, दोन्ही खोल्यांत पाच-पाच मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, मला कांद्यांची द्या.

झांबेताला ते लागलं. समुद्र आपल्या माहेरून आल्यासारखा ती प्रत्येक पाहुण्याला खिडकी उघडून दाखवत असे. त्याच्याकडे पाठ फिरवणारी ही पहिलीच. पण मुलगी नम्र होती, वर येण्याआधी तिनं पायांची वाळू झटकली होती, म्हणून झांबेतानं कांदे उचलले.

मुलीचं नाव इल्वा. वय बावीस, गाव स्वीडनमधलं. केस आणि भुवया इतक्या फिक्या की चेहरा अजून रंगवायचा राहिलाय असं वाटावं. ग्रीक बोले ती सावकाश, पुस्तकातलं, एकही अक्षर न गाळता, आणि झांबेताला तेही खुपे. झांबेता दुसरीतूनच घरी बसली होती. तिला स्वतःचं नाव लिहिता येई, आकडे येत, आणि समोरचा खरं बोलतोय की खोटं ते त्याच्या मानेवरून कळे. यापुढे शिकून कुणाचं भलं झालेलं तिनं चौऱ्याहत्तर वर्षांत पाहिलं नव्हतं.

चित्रशाळा जुन्या जकातघरात होती. दर उन्हाळ्यात तिथं परदेशातली पोरं येत आणि गाढवं, होड्या, निळी दारं काढून परत जात. या वर्षीच्या मास्तरांनी मात्र कडक काम दिलं होतं. एकच जागा, एकच वेळ, सलग चाळीस दिवस. मनातलं काही काढायचं नाही, काल काय होतं ते आठवून काढायचं नाही, समोर दिसेल तेवढंच. इल्वानं जागा निवडली ती झांबेताच्या गल्लीतली, जिथं पायऱ्या वळतात तिथली. वेळ निवडली दुपारी दोनची.

दुपारी दोनला वरच्या गावात मांजरसुद्धा जागं नसतं. सावल्या वस्तूंच्या पायाखाली येऊन बसतात. भिंती पांढऱ्या, पायऱ्या पांढऱ्या, फरशीच्या सांध्यांतून ओढलेल्या रेघाही पांढऱ्या, त्यामुळे भिंत कुठे संपते आणि पायरी कुठे सुरू होते ते कळत नाही. अनोळखी माणूस त्या वेळी चालताना भिंत चाचपतो. झांबेता मुलीला म्हणाली, या उजेडात बसलीस तर डोळे फुटतील तुझे. बोलून गेल्यावर तिनं उगाचच छातीवर क्रूस काढला.

वळणावर बसलं की उजव्या हाताला झांबेताचा बाहेरचा जिना आणि त्याखालची भिंत दिसे, आणि डाव्या हाताला फोतिनीचं दार.

फोतिनी पन्नाशीची होती आणि पाचव्या वर्षापासून आंधळी. दारात बसून ती कॉफीच्या दुकानांसाठी खुर्च्यांच्या बैठकी विणे. ओल्या गवताचे पेड तिच्या बोटांतून असे फिरत की बघणाऱ्याला वाटावं, डोळे ही चैनीची वस्तू आहे. तिची आई कालियोपी जानेवारीत गेली. तेव्हापासून रोज दुपारी झोपण्यापूर्वी झांबेता तिला झाकलेली ताटली नेऊन देई. शेजारधर्म असावा तर असा, असं धर्मगुरू एकदा भर प्रार्थनेत म्हणाले होते. झांबेतानं ते मान किंचित वर करून ऐकलं होतं.

रोजचं चित्र इल्वा खोलीत दोरीला कपड्यांच्या चिमट्यानं टांगून ठेवी. कोपऱ्यात दिवसाचा आकडा. चादरी बदलायला गेली की झांबेता बघे. गाढवं नव्हती, निळी दारंही निळी नव्हती, सगळं करड्या पेन्सिलीचं. पण माठाचा कान उडालेला होता तर उडालेलाच काढलेला. तिसऱ्या चित्रात जिन्याखालच्या भिंतीवर, तिसऱ्या पायरीच्या बरोबर खाली, चुना सुटलेला एक डाग दिसला. झांबेताचं घर गल्लीत सगळ्यांत पांढरं अशी तिची ख्याती होती. ईस्टरपूर्वी ती स्वतः कुंचा धरी, सुनेला कधी धरू दिला नाही. ती खाली आली, पाहिलं, तर डाग होता. त्या जागी चुना कधी धरतच नसे. तिनं लगेच कुंचा फिरवला. चौथ्या चित्रात डाग नव्हता.

मुलगी खोटं काढत नाही, एवढं त्या दिवशी झांबेताला पटलं. पुढे तिला हेच जड गेलं.

नवव्या चित्रात रंग होता.

सगळं कागदभर करडं आणि त्याच जागी, तिसऱ्या पायरीच्या खाली, एक लाल रेघ. नखाएवढी. झांबेता ताजी चादर हातात धरून तिथंच उभी राहिली. मग तिनं इल्वाला विचारलं की हे काय नवीन. इल्वा म्हणाली, भिंतीतून दोरा लोंबतोय ना, तो. तिच्याजवळ रंग नव्हता, म्हणून ती मुद्दाम खाली शाळेत जाऊन लाल पेन्सिल घेऊन आली होती.

झांबेता खाली गेली. भिंत गुळगुळीत होती, तापलेली होती. तिनं तळहात फिरवला, मग नख फिरवलं. काही नव्हतं.

बाराव्या चित्रात रेघ बोटाएवढी झाली होती.

पंधराव्या चित्रात झांबेतानं फोतिनीकडे पाहिलं. तोवर तिनं त्या बाजूला बघायचं टाळलंच होतं. दारातली खुर्ची, मांडीवरची बैठक, बोटं, वाकलेली मान, सगळं हुबेहूब. पापण्या मात्र मिटलेल्या नव्हत्या. दोन्ही पापण्यांखाली केसाएवढी फट होती. तिनं मागची चित्रं उलटी मोजत पाहिली. चौदाव्यात तशीच, पण कमी. दहाव्यात मिटलेल्या. पहिल्यात मिटलेल्या आणि खोल गेलेल्या, जशा त्या पंचेचाळीस वर्षं होत्या.

दुपारी ताटली नेली तेव्हा ती नेहमीसारखी लगेच परतली नाही. वाकून फोतिनीच्या तोंडाजवळ तोंड नेलं. पापण्या घट्ट होत्या, कडा एकमेकींना शिवल्यासारख्या.

"एवढं काय बघतेस, मावशी?" फोतिनीनं विचारलं.

मी बघतेय हे तुला कसं कळलं, असं झांबेता विचारणार होती. पण फोतिनीच पुढे म्हणाली की श्वास कळतो, तुझ्या श्वासाला कांद्याचा वास येतो. आणि हसली. झांबेताही हसली. 

संध्याकाळी तिनं इल्वाला जिन्यात गाठलं. त्या बाईचे डोळे मिटलेले असतात हे गावातल्या कोंबड्यांनाही माहीत आहे, तू उघडे का काढतेस? इल्वाला प्रश्नच कळला नाही. तिनं नेहमीसारखं आदरानं 'किरा', म्हणजे बाई, म्हणत सावकाश, पुस्तकी ग्रीकमध्ये उत्तर दिलं.

"मी दिसतं ते काढते, किरा झांबेता. दोन वाजता तुम्ही झोपलेल्या असता."

रविवारी जेवायला स्तमातिस आला. झांबेताचा एकुलता एक मुलगा, वय एक्कावन्न, स्वतःच्या मासेमारी बोटीचा कप्तान. बायको दोन वर्षांपूर्वी मुलींना घेऊन अथेन्सला राहायला गेली. मुलींच्या शाळेसाठी, असं झांबेता सांगे, आणि गाव नुसतं मान हलवी. रात्रभर भट्टीत ठेवलेले हरभरे, भात भरून भाजलेले टोमॅटो, लेकासाठी खास राखून ठेवलेली वाइन. इल्वालाही तिनं बसवलं आणि सांगितलं की याचं एक चांगलं चित्र काढ, मला भिंतीवर लावायचंय. स्तमातिस म्हणाला, "आई, माझं तोंड बंदरात रोज फुकट बघायला मिळतं." पण बसला.

इल्वानं तासभर काढलं. हनुवटी आली, नाक आलं, मिठानं कातरलेली गालांची कातडी आली. डोळ्यांशी ती अडली. पेन्सिल हात लांब करून धरायची, एक डोळा मिटून माप घ्यायचं, खोडायचं. खोडायला ती रोज सकाळी झांबेताकडून पावाचा मऊ गर मागून नेई. गराच्या गोळ्या ताटाशेजारी साठत गेल्या.

शेवटी ती म्हणाली की जमत नाही. चेहरा एक्कावन्न वर्षांचा आहे, डोळे चेहऱ्याबरोबर वाढलेले नाहीत. आणि कोपऱ्यांचा उतार, दोन डोळ्यांतलं अंतर, ही मापं तिच्या हाताला पाठ आहेत. रोज दुपारी ती हीच मापं काढते.

"समोरच्या बाई तुमच्या नात्यातल्या आहेत का?" तिनं विचारलं.

स्तमातिस खो खो हसला. झांबेता हसली नाही. आमच्या घराण्यात असले धंदे झाले नाहीत, तुमच्या थंड देशात होत असतील, असं काहीबाही ती बोलली आणि टेबल आवरायला लागली. स्तमातिसनं स्वतःसाठी वाइन ओतली. ती पेल्याच्या शेजारी सांडली. त्याला ते कळलं नाही. तो ओततच राहिला, आणि लाल डाग टेबलक्लॉथवर पसरत काठापर्यंत आला तेव्हा कुठे त्यानं खाली पाहिलं. समुद्रावर हल्ली सकाळी धुकं फार असतं, असं तो म्हणाला. जुलैमध्ये त्या समुद्रावर धुकं नसतं, हे झांबेताला तिच्या नवऱ्यानं शिकवलं होतं.

ती रात्र झांबेतानं छताकडे बघत काढली.

पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या जुलैत गावातल्या पोरांना गोवर आला होता. बाकीची पोरं उठली. स्तमातिस आणि फोतिनी, एक सहाचा, एक पाचाची, दोघांच्या डोळ्यांत तो उतरला. पापण्या सुजून लिंबाएवढ्या झाल्या, त्यातून पू येई. डॉक्टरची बोट पंधरा दिवसांनी. घरापासून वर शंभर पायऱ्या चढून गेलं की संत परास्केवीचं छोटं देऊळ आहे. डोळ्यांची संत ती. चित्रात तिच्या हातात बशी आहे आणि बशीत दोन डोळे. तिला चांदीचे डोळे वाहिले की ती माणसाचे डोळे राखते, हे बेटावर कुणाला शिकवावं लागत नाही. कालियोपीचा भाऊ जहाजावर होता, त्यानं सिरोस बेटाहून चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले डोळे पाठवले. कालियोपीनं ते लाल दोऱ्यानं संतापुढच्या डाव्या खिळ्याला बांधले आणि लेकीचं नाव घेतलं. झांबेताचा नवरा समुद्रावर होता. त्यानंतर आठ दिवस कुठली बोट नव्हती. तिच्याकडे चांदीचं काहीच नव्हतं. तिच्याकडे देवळाची किल्ली होती, सासूकडून आलेली, कारण देऊळ झाडण्याचा मान त्या घराचा.

दुपारी दोन वाजता ती गेली. लाल दोरा सोडला. स्तमातिसच्या सदऱ्याची किनार फाडून निळा दोरा केला आणि तेच डोळे त्यानं बांधले, डाव्या खिळ्यावरून काढून उजव्यावर. लेकाचं नाव तीनदा घेतलं. चांदीवर कुठे कुणाचं नाव लिहिलेलं असतं, असं मनाशी म्हणाली. लाल दोरा जाळायला हात धजला नाही. देवाला लागलेली वस्तू. घरी येऊन तिनं तो जिन्याखालच्या भिंतीच्या भेगेत बोटानं कोंबला आणि वर चुना फिरवला.

तीन दिवसांनी स्तमातिसनं डोळे उघडले. फोतिनीनं उघडलेच नाहीत.

सव्वीस जुलैला, संताच्या सणाच्या दिवशी, कालियोपी देवळात आली, डाव्या खिळ्याकडे पाहिलं, मग उजव्याकडे. निळ्या दोऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. झांबेता म्हणाली, झाडताना तुझे कुठे पडले असतील, शोधते. मग कालियोपीनं स्तमातिसची हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. त्याच्या डाव्या बुबुळात तिळाएवढा पिवळा ठिपका होता. आजारापूर्वी तो नव्हता. आजारापूर्वी तसा ठिपका गावात एकाच पोराच्या डोळ्यात होता, आणि ते पोर त्या वेळी घरी अंधारात पडून होतं. कालियोपीनं हनुवटी सोडली. "बरा झाला. संताची कृपा," एवढंच म्हणाली. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं दोघी एकमेकींकडून मीठ, तेल, यीस्ट मागत राहिल्या, एकमेकींची पोरं सांभाळत राहिल्या, आणि कालियोपीनं मरेपर्यंत त्यावर एक शब्द काढला नाही. काढला असता तर झांबेतानं तिला उत्तर दिलं असतं. उत्तर तिच्याकडे तयार होतं.

सकाळी इल्वा शाळेत गेल्यावर झांबेता पावाचा गर घेऊन वर गेली आणि चित्रांतला लाल दोरा खोडू लागली. तोवर तो वीतभर झाला होता. गर लाल झाला. रेघ तशीच राहिली. गर तिनं कोंबड्यांना टाकला. कोंबड्या आल्या, मान वाकडी करून पाहिलं आणि निघून गेल्या.

इल्वाला खोली सोडायला सांगावं, असंही तिच्या मनात आलं. पण चित्र न काढल्यानं भिंतीतलं जाणार होतं का? ती पोर नुसती बघत होती. झांबेतानं जन्मभर लोकांना तोंडावर खरं सुनावलं होतं आणि त्याचा तिला अभिमान होता. आता कुणी न बोलता ते कागदावर उतरवत होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी स्तमातिसनं बोट धक्क्याला घासली. तिसाव्या दिवशी पुन्हा. गावात त्याचं नाव असं होतं की डोळे बांधले तरी बोट लावील. लोक विचारू लागले की पीत तर नाही ना. त्यानं आईला हळूच सांगितलं की डाव्या डोळ्यापुढे पांढरं येतं. धुकं नव्हे, भिंतीसारखं पांढरं. अथेन्सला डॉक्टरकडे जा, असं ती म्हणाली. सण झाला की जातो, तो म्हणाला. सणासाठी मासे तोच पुरवी, दर वर्षी. पंचवीस तारखेला दुपारी परत येईन, सांगून तो गेला.

छत्तिसाव्या चित्रात फोतिनीच्या डाव्या पापणीखाली बुबुळ दिसत होतं. त्यात इल्वानं पेन्सिलीचं टोक टेकवून एक ठिपका दिला होता.

झांबेतानं संताशी बोलायचं ठरवलं. आधी तिला वाटलं, माझे घे म्हणावं. पण एकात डॉक्टरनं बसवलेलं भिंग आणि दुसऱ्यात मोतीबिंदू, असला माल बाजारात कुणी घेणार नाही, संत काय घेईल. मग तिला दुसरं सुचलं. आयुष्यभर तिनं मासे, तेल, भाडं, सगळ्यात घासाघीस केली होती आणि निम्म्यावर सौदा ठरला नाही असं कधी झालं नव्हतं. तिनं पत्रा कापायची कात्री धार लावून ठेवली.

पंचवीस जुलै. चाळिसावा दिवस.

दोन वाजले. गल्ली पांढरी पडली. इल्वा वळणावर मांडीवर फळी घेऊन बसली होती. फोतिनी दारात विणत होती. झांबेता चुना खरवडायचं पातं घेऊन जिन्याखाली गुडघ्यांवर बसली. लपायचं तिच्या मनातही आलं नाही. जिला चुन्याखालचं दिसतं तिच्यापासून काय लपवायचं.

पहिल्या घावाला ढलपी निघाली. पंचेचाळीस ईस्टरचा चुना, पातळ पातळ पदरांचा, जुन्या पावासारखा.

"किरा झांबेता," मागून इल्वा म्हणाली, "थोडं उजवीकडे सराल? दोरा दिसत नाही."

झांबेता सरली.

भेग लागली. बोट आत गेलं. दोरा हाताला लागला, कोरडा, गुळगुळीत, त्यावर चुन्याचा कणही नव्हता. लाल, जसा कालियोपीनं बाजारातून आणला होता तसा. तिनं ओढला. कोंबला होता तो वीतभर. बाहेर आला हातभर. मग दोन हात. भिंत देतच राहिली.

तिनं कात्रीनं कापला. आतल्या टोकानं एक हलका हिसका दिला आणि ते भेगेत गेलं.

शंभर पायऱ्या चढताना तिनं मागं पाहिलं नाही. देवळात गार होतं, तेलाचा वास होता. उद्याच्या सणासाठी सकाळीच तिनं सगळं पुसून ठेवलं होतं. चांदीचे डोळे उजव्या खिळ्यावर निळ्या दोऱ्याला. तिनं ते काढले आणि नाकाच्या जागेवरून सरळ कापले. उजवा डोळा निळ्या दोऱ्यानं उजव्या खिळ्यावर. डावा डोळा लाल दोऱ्यानं डाव्या खिळ्यावर. एकदा लेकाचं नाव घेतलं, एकदा फोतिनीचं.

"अर्धा तिचा, अर्धा माझा," ती संताला म्हणाली. "मी आई आहे. याहून जास्त माझ्याकडून होणार नाही."

बशीतले दोन डोळे तिच्याकडे पाहत होते. ते नेहमीच पाहत.

खाली आली तेव्हा गल्ली तशीच होती. इल्वाची पेन्सिल चालू होती. झांबेतानं घरातून ताटली आणली, कापडानं झाकली, फोतिनीसमोर धरली. रोज फोतिनी हात पुढे करून आधी काठ शोधी.

आज तिनं शोधला नाही. ताटली सरळ घेतली.

"मावशी, बाहीला चुना लागलाय," ती म्हणाली. "डाव्या."

डावी पापणी उघडी होती. डोळा ओला आणि स्वच्छ होता, कडेला उन्हात बघून बघून पडलेल्या बारीक लाल शिरा होत्या. बुबुळात पिवळा ठिपका. झांबेतानं तो डोळा पंचेचाळीस वर्षं रोज पाहिला होता.

खालून बोटीचा भोंगा आला. एकदाच.

थोड्या वेळानं स्तमातिस पायऱ्या चढत आला. एक हात भिंतीवर, एक हात डाव्या डोळ्यावर. वळणावर त्याचा पाय इल्वाच्या पेन्सिलींच्या डब्याला लागला.

"आई, डोळ्यात काहीतरी गेलंय," तो म्हणाला. "चुन्यासारखं झोंबतंय. जरा बघ."

तिनं त्याला पायरीवर बसवलं आणि त्याचा हात बाजूला केला. डोळा पांढरा होता. कडेपासून कडेपर्यंत, नुकता कुंचा फिरवलेल्या भिंतीसारखा. तिनं पाणी आणून धुतला. पाणी पांढरं होऊन वाहिलं, डोळा तसाच राहिला. उजव्या डोळ्यानं तो तिच्याकडे बघत होता आणि विचारत होता, निघालं का?

"निघतंय," झांबेता म्हणाली.

ऊन उतरल्यावर इल्वानं चाळिसावा कागद दोरीला लावला आणि हात धुवायला गेली. झांबेता वर गेली. चित्रात जिना होता, भिंतीत तिनं पाडलेलं भगदाड होतं, ती स्वतः होती, गुडघ्यांवर, पाठमोरी. भगदाडातून लाल दोरा निघाला होता. तो गल्ली ओलांडून फोतिनीच्या मांडीवर जात होता. फोतिनीनं बैठक बाजूला ठेवली होती आणि दोऱ्याचा गोळा करत होती. गोळा अजून लहान होता.

झांबेतानं खिडकीतून खाली पाहिलं.

फोतिनी दारात बसली होती, एक डोळा मिटलेला, एक झांबेताच्या खिडकीकडे. मांडीवर काही नव्हतं, हातातही काही नव्हतं. तिचे हात मात्र एकमेकांभोवती फिरत होते, अलगद, सावकाश, दोऱ्याचा गोळा गुंडाळताना फिरतात तसे.